तेच घर, पुन्हा एकदा

सकाळी साडेसहा

मोहोळ तालुक्यातून आमच्या सर्वेक्षकाचा पहिला फोन येतो तेव्हा माझा चहा व्हायचा असतो. पाहणीचं काम लवकर सुरू करावं लागतं. आठ वाजले की माणसं रानात, कारखान्यावर, बाजाराला निघतात आणि मग संध्याकाळपर्यंत दाराला कडी.

"मॅडम, या घरात आता दोन चुली झाल्यात. दिवाळीनंतर थोरला वेगळा निघाला. फॉर्म कुणाचा भरू?"

दोघांचाही. आमच्या हिशेबात घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. पहिल्या फेरीतला क्रमांक आई-वडील ज्याच्याकडे जेवतात त्या धाकट्याकडे राहतो आणि थोरल्याला त्याच क्रमांकापुढे 'अ' लागतो. जमीन कशी वाटली, सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे का, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा ठरल्या, सोसायटीचं कर्ज कुणाच्या अंगावर आलं, हे तिथल्या तिथे विचारून घ्यायला सांगते. आठ एकरांचे चार-चार झाले की कागदावर हे कुटुंब एका वर्षात निम्म्यावर आलेलं दिसतं. प्रत्यक्षात घरातली कमाई आहे तेवढीच आहे, खाणारी तोंडंही तेवढीच आहेत. फुटीची ही नोंद राहून गेली, तर पुढे कुणीतरी त्या आकड्यांतून शेती ढासळल्याचा निष्कर्ष काढेल आणि तो छापूनही येईल.

नऊ

ऑफिसात आल्यावर पहिलं काम जोडणीचं. मागच्या फेरीतलं घर आणि या फेरीतलं घर एकच आहे ना, हे नाव, वय, नातं आणि जमीन लावून तपासायचं. तीन वर्षांपूर्वी चाळीस वर्षांची असलेली बाई आज अडतीसची निघाली, तर बाई बदलली की वय अंदाजाने सांगितलं, ते फोन करून विचारावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण ते मी दुसऱ्या कुणाकडे देत नाही, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

पॅनेल डेटा म्हणतात तो हाच. तीच घरं, तेच प्रश्न, पुन्हा पुन्हा. राष्ट्रीय नमुना पाहणीत उपभोग खर्चाची जी मोठी सर्वेक्षणं होतात, त्यांत दर वेळी नवी घरं निवडली जातात. देशाची सरासरी कळायला ती उत्तम आहेत आणि त्यांची जागा पॅनेल घेऊ शकत नाही. पण एक प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो.

समजा शंभर घरांचं गाव आहे. पाच वर्षांपूर्वी तिथे तीस घरं गरीब होती, आजही तीस आहेत. टक्केवारी हलली नाही, म्हणून आपण म्हणतो, गावात काही बदललं नाही. पण ही तीस घरं तीच आहेत की दुसरी? तीच असतील तर त्यांना जमीन, शिक्षण, आरोग्य यांतलं काहीतरी मुळापासून हवं आहे आणि त्याला एक पिढी लागेल. वीस घरं वर येऊन दुसरी वीस खाली गेली असतील, तर गावाला हवा आहे तो घसरताना धरणारा हात: पीक विमा, दवाखान्याचा खर्च, दुष्काळात काम. एका गावाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसा खर्च होतो आणि दोन्हीकडची माणसं तिथेच राहतात. मला या विषयात इतकी वर्षं धरून ठेवलं ते या एका प्रश्नाने.

या प्रश्नाचं उत्तर शोधायची जगातली एक नावाजलेली जागा आपल्याच राज्यात आहे, हे फार थोड्या मराठी वाचकांना माहीत असतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ मध्ये कोरडवाहू भागातली सहा गावं निवडली. त्यांतली चार महाराष्ट्रातली होती: सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातलं कंझरा आणि किनखेडा. उरलेली दोन, अवुरपल्ली आणि डोकूर, महबूबनगरची. प्रत्येक गावात चाळीस घरं घेतली: तीस शेतकऱ्यांची (लहान, मध्यम आणि मोठे यांची दहा-दहा) आणि दहा भूमिहीन मजुरांची. पाहणी करणारा माणूस गावातच राहायचा आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच उंबऱ्यावर जायचा. काय पेरलं, किती मजूर लावले, कुणाकडून हातउसने घेतले, काय विकलं, काय खाल्लं, सगळं लिहून घ्यायचा. पहिला टप्पा दहा वर्षं चालला, २००१ नंतर काम पुन्हा सुरू झालं. जगभरातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिरापूर हे नाव ठाऊक आहे ते या वह्यांमुळे.

अकरा

बैठक. विषय ठिबक सिंचनाचं अनुदान. ज्यांनी ठिबक घेतलं त्यांचं उत्पन्न न घेतलेल्यांपेक्षा जास्त दिसतं, म्हणून योजना यशस्वी, असा मसुदा समोर आहे. मी तो अडवते. ठिबक घेणाऱ्याची जमीन आधीच चांगली असेल, तो धडपड्या असेल, तालुक्याच्या ऑफिसात त्याची ओळख असेल. त्याची तुलना शेजाऱ्याशी केली की या सगळ्या गोष्टी ठिबकच्या नावावर जमा होतात.

पॅनेलमध्ये आपण त्याची तुलना त्याच्याशीच करतो. ठिबकच्या आधीचा तो आणि नंतरचा तो. जमिनीचा पोत, घराण्याची पत, अंगची हुशारी या सहसा न बदलणाऱ्या गोष्टी त्या वजाबाकीत आपोआप निघून जातात, मोजल्या नसल्या तरी. शिवाय त्या वर्षी पाऊस बरा झाला असेल, तर तो शेजाऱ्यालाही झाला. म्हणून शेजाऱ्याचा त्याच काळातला बदलही वजा करायचा. उरेल त्याला योजनेचा परिणाम म्हणायला काहीतरी आधार मिळतो.

पण या वजाबाकीवर डोळे मिटून विसंबणारे संशोधक पाहिले की मला काळजी वाटते. ज्या वर्षी ठिबक आलं त्याच वर्षी मुलगा शिक्षण सोडून शेतीत उतरला असेल, तर ते वजा होत नाही. आणि मोजणीतली चूक तर वजाबाकीने वाढते. दोन वर्षांची उत्पन्नं जवळजवळ सारखी असतात, म्हणून खरा फरक लहान उरतो. दोन्ही वेळच्या चुका मात्र एकमेकींना खोडत नाहीत, त्या तशाच शिल्लक राहतात. "गेल्या वर्षी ज्वारी किती पोती झाली?" याचं उत्तर अंदाजपंचे लिहिलं गेलं असेल, तर पुण्यात बसून कुठलंही गणित ते सुधारू शकत नाही. उन्हात ओट्यावर बसून पुन्हा एकदा विचारणारा सर्वेक्षक इथे माझ्यापेक्षा मोलाचा आहे आणि त्याचा पगार तसा असायला हवा. आपल्याकडे तो तसा नाही.

दुपारी एक

डबे उघडतात. एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि स्थळ लांबचं आहे, म्हणून बोलणं सोयरिकीवर जातं. मला राहवत नाही आणि मी रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांचा १९८९ चा अभ्यास सांगायला लागते. याच इक्रिसॅटच्या गावांतली घरं त्यांनी पाहिली. लेकी लांब का दिल्या जातात, हा त्यांचा प्रश्न. ज्या घरांच्या शेतीच्या नफ्यात चढउतार जास्त, त्यांच्या सोयरिकी लांबच्या, असं त्यांना दिसलं. लांबच्या गावी पाऊस वेगळा. इकडे पीक बुडालं तरी व्याह्यांकडे पिकलेलं असू शकतं आणि अडीअडचणीला तिकडून मदत येते. अशी नाती असलेल्या घरांच्या खाण्यापिण्यावर वाईट वर्षाचा घाला कमी पडत होता. एका वर्षाच्या पाहणीत हे कधीच दिसलं नसतं. चांगलं वर्ष आणि वाईट वर्ष, दोन्ही वेळा त्याच घरात डोकवावं लागतं.

या हिशेबाचं ओझं ज्या मुलींवर पडलं, त्यांचं सुख त्या वह्यांत कुठे मोजलेलं नाही. ते मला खटकत आलं आहे आणि जेवताना मी ते बोलूनही दाखवते.

चांगल्या-वाईट वर्षांच्या नोंदींशिवाय न दिसणारी दुसरी गोष्ट बैलांची. रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की वाईट वर्षी घर बैल विकतं आणि पोट भरतं, मग पुढच्या पेरणीला बैल नसतो आणि उत्पन्न आणखी खाली जातं. आजची भाकरी उद्याच्या नांगरणीतून येते. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. अडचणीत बैल विकून दिवस काढण्याचा मार्ग त्यानंतर कितपत उरला, हे सांगायला कायद्याच्या आधीची आणि नंतरची, त्याच घरांची नोंद लागते. मतं पुष्कळ ऐकू येतात.

अडीच

रोजगार हमीवरचं टिपण पुरं करायचं आहे. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली, वि. स. पागे यांच्या ध्यासातून आलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली ही योजना, देशभरच्या २००५ च्या कायद्याची पूर्वज. शिरापूर आणि कंझऱ्यात तिची कामं निघत होती, अवुरपल्लीत नव्हती. भूमिहीन घरांच्या उत्पन्नातला वर्षावर्षाचा चढउतार महाराष्ट्रातल्या या दोन गावांत बराच कमी दिसला. तीन गावांवरून एवढा मोठा निकाल देता येत नाही, हेही मी टिपणात लिहिते, कारण माती आणि पाणीही वेगळं होतं. म्हणूनच गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांचा १९९४ चा निबंध मला जास्त पटतो. त्यांनी शिरापूर आणि कंझऱ्याच्या नोंदींतून नेमकं विचारलं: खडी फोडायला गेलेल्या मजुराने त्यासाठी दुसरी किती कमाई सोडली? सोडलेली कमाई मिळालेल्या मजुरीच्या मानाने बरीच कमी निघाली. म्हणजे मजुरीतला मोठा भाग घरात खरोखर नव्याने आला.

रॉबर्ट टाउनसेंड यांचा याच गावांवरचा निबंधही १९९४ चाच. गावातलं घर आपलं स्वतःचं उत्पन्न घसरलं तरी फारसं उपाशी राहत नाही, त्याचं खाणं गावाच्या सरासरीबरोबर हलतं, असं त्यांना आढळलं. पण तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी मिळत होता. रॅव्हॅलियन आणि शुभम चौधरी यांनी १९९७ मध्ये आक्षेप घेतला की ही पद्धत परस्परांच्या आधाराचं माप फुगवून दाखवते. मी या वादात आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूची आहे. गाव एकमेकांना सांभाळून घेतं असं एकदा ठरलं, की सरकारने काही करायची गरज उरत नाही, आणि त्याची किंमत सगळ्यात आधी भूमिहीन घर मोजतं.

चार

पुन्हा फोन. एक घर बंद आहे. मुलगा चाकणला कंपनीत लागला, म्हातारा-म्हातारी त्याच्याकडे गेली. "शेजारचं घर घेऊ का मॅडम? ते तयार आहेत."

नाही. शेजारचं घर घ्यायचं नाही. मुलाचा नंबर काढा, चाकणला कुणाला तरी पाठवू.

यावर मी हट्टी आहे आणि त्याचं कारण टांझानियातलं आहे. तिथल्या कागेरा भागात १९९१ ते १९९४ मध्ये पाहिलेल्या घरांतली माणसं २००४ मध्ये पुन्हा शोधली गेली, गाव सोडून गेलेलीसुद्धा. गाव सोडून गेलेल्यांच्या उपभोगातली वाढ मागे राहिलेल्यांपेक्षा ३६ टक्के-बिंदूंनी जास्त निघाली. फक्त मागे राहिलेल्यांनाच विचारलं असतं, तर त्या भागात गरिबी किती कमी झाली याचं चित्र चुकलं असतं. आपल्या देशात एनसीएईआर ही संशोधन संस्था आणि मेरिलँड विद्यापीठ यांच्या मानव विकास पाहणीने २००४-०५ मध्ये ४१,५५४ घरं गाठली आणि २०११-१२ मध्ये त्यांतल्या सुमारे ८३ टक्के घरांना पुन्हा गाठलं. एवढ्या मोठ्या देशात हे फार मोठं काम आहे. आणि जी घरं सापडत नाहीत त्यांत सगळ्यात जास्त वर गेलेले आणि सगळ्यात जास्त मोडलेले, दोघेही असतात.

साडेपाच

शेवटचा तास एका नव्या प्रश्नासाठी ठेवला आहे. दहा पायऱ्यांची शिडी दाखवायची, वर सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट, आणि विचारायचं, आज तुम्ही कुठे? तरुण सहकाऱ्यांना हा प्रश्न मऊ वाटतो. कुणी सवयीने पाच सांगेल, कुणी देवाच्या कृपेने आठ. बरोबर आहे, दोन माणसांची तुलना इथे फसवते. पण त्याच माणसाची त्याच्याशी करा. जर्मनीत १९८४ पासून एका मोठ्या पॅनेलमध्ये लोकांना आयुष्याबद्दलचं समाधान विचारलं जातं. त्यावरून लिलियाना आणि रायनर विंकेलमान यांनी १९९८ मध्ये दाखवलं की नोकरी गेलेल्या माणसाचं समाधान गमावलेल्या पगाराने समजावता येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त घसरतं. बेकारभत्ता पगाराएवढा दिला तरी ती उणीव भरणार नाही, धोरण आखणाऱ्याला हे कळणं लहान गोष्ट नाही. प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये राहणार.

सात

घरी आल्यावर जिन्यात शेजारच्या काकू थांबवतात. सरकारी पाहणीचा मुलगा मागच्या महिन्यात येऊन गेला, आज परत आला, तेच प्रश्न. "परवाच तर सगळं सांगितलं याला!" मी त्यांना सांगितलं तेच वाचकांनाही सांगते. देशाच्या श्रमबल पाहणीत जानेवारी २०२५ पासून शहरात आणि खेड्यातही निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने जातात. महिन्याभरात कुणाचं काम सुटलं आणि कुणाला लागलं, हे कळण्याचा तो एक भरवशाचा मार्ग आहे. तो दुसऱ्यांदा आला तर त्याला आत बसवा, ओळखपत्र बघा आणि मागच्या वेळेइतक्याच खरेपणाने सांगा. घर बदलणार असाल तर नवा नंबर शेजारी ठेवून जा.