गोधडीचा दर्प : कुटुंबीयांसाठी माहिती

सौंदड परिसर भातशेतीचा. पावसाळ्यात येथे जाड गोधडी दोन-दोन दिवस वाळत नाही. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची गोधडी धुऊनही दर्प सोडीत नाही आणि संकोचापोटी कुटुंबीय भेटीस आलेल्यांना दारातूनच परत पाठवितात. यात त्यांच्या स्वच्छतेचा दोष नसतो. मूत्रातील युरियाचे जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होते, आणि आतील थर ओला राहिला की ते जंतू तेथे टिकून राहतात.

गोधडी प्रथम थंड पाण्यात खळबळावी. नंतर बादलीभर पाण्यात पेलाभर पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावी. त्यातील आम्लाने अमोनियाचा उग्रपणा शमतो. मग साबणाने धुऊन, आतील थर कोरडा होईपर्यंत दोन्ही बाजूंनी उन्हात वाळवावी. वरून अत्तर शिंपडणे म्हणजे ताळेबंदातील तोटा झाकणे, असे मज वाणिज्य शाखेच्या माणसास वाटते. ब्लीचिंग पावडर मात्र मूत्राने भिजलेल्या कापडावर अथवा व्हिनेगरसोबत कदापि वापरू नये. विषारी वायू निर्माण होतो.

कापूस भरलेली रजई भिजविल्यास गाठी होतात. तिला खोळ घालून खोळच धुवावी. देणगीदारांनी रजयांऐवजी सुती खोळी व चादरी दिल्यास त्या अधिक उपयोगी पडतील.