सुट्या पेशी पुन्हा जुळतात तेव्हा

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गर्भवाढीच्या अभ्यासासाठी कोंबडीच्या गर्भाबरोबर हायड्रा हा पाण्यातला इवलासा प्राणीही वापरतात. हायड्राच्या पेशी सुट्या करून एकत्र दाबल्या, तर त्या गोळ्यातून पुन्हा हायड्रा उभा राहतो!

पेशींचे हे जुळणे हायड्रापुरते नाही. १९५५ मध्ये टाउन्स आणि हॉल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या गर्भातल्या त्वचेच्या व चेतासंस्थेच्या पेशी मिसळल्या. त्या आपसूक वेगळ्या झाल्या. त्वचेच्या पेशी बाहेर, चेतापेशी आत. यामागची चिकट प्रथिने, कॅडहेरिन, पुढे जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी शोधली. कॅल्शियम काढून घेतले की त्यांची पकड सुटते.

मेंदू-मज्जारज्जूची नळी घडताना तिच्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रकाराऐवजी एन-कॅडहेरिन हा प्रकार बनवू लागतात आणि वरच्या त्वचेपासून अलग होतात. माणसात ही नळी गर्भाच्या वाढीच्या चौथ्या आठवड्याअखेर मिटते. अनेकींना तोवर गर्भधारणेचा पत्ताही नसतो.