‘पेट सेमेटरी’ : पन्नाशीतले वाचन

स्टीफन किंग यांची ‘पेट सेमेटरी’ १९८३ साली प्रसिद्ध झाली. ती सुचली अमेरिकेतल्या ऑरिंग्टन गावी. घरासमोरच्या रस्त्यावर मुलीचे मांजर गाडीखाली गेले. धाकटा मुलगाही त्याच रस्त्याकडे धावला, पण थोडक्यात वाचला. कादंबरीतला लहान मुलगा, गेज, मात्र वाचत नाही.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला हा रस्ता नवा नाही. मुंबई-नाशिक महामार्ग आसनगाव, खर्डीवरून कसाऱ्याकडे जातो, कल्याण-मुरबाड रस्ता माळशेजकडे. मालाच्या गाड्या रात्रीही थांबत नाहीत.

तरुणपणी ही कादंबरी वाचताना सगळे लक्ष तिच्यातल्या पुरलेल्या मांजराच्या जिवंत होऊन परतण्यावर असते. पन्नाशीत मात्र झेल्डा छळते : गेजच्या आईची, रेचेलची, अंथरुणाला खिळलेली बहीण, तिच्यापाशी एकटी राहिलेली लहानगी रेचेल आणि बहीण गेल्यावर तिला वाटलेली सुटका. घरातल्या आजाऱ्याचे सगळे केलेल्या माणसाला ही पाने जड जातात.

नारायण धारपांची ‘लुचाई’ किंग यांच्याच ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली, तिथे संकट गावात बाहेरून येते. इथे बापच मेलेल्या गेजला परत आणण्यासाठी थडग्यातून उकरून काढतो. तो डॉक्टर आहे, मांजराचे काय झाले ते त्याने पाहिलेले आहे, तरीही. ‘पेट सेमेटरी’ जास्त भयंकर आहे ती यामुळेच.