गुणांमागील हेतू

‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे.’ भारतीय तर्कशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची या वाक्याशी आरंभीच गाठ पडते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही न्यायदर्शनाने सांगितलेली अनुमानाची पाच अंगे तो पाठ करतो व परीक्षेत उतरवून काढतो. समजा, राजुऱ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले की, हिवाळ्यातल्या पहाटे वर्धा नदीवर तरंगणारी वाफ दुरून धुरासारखी दिसते, पण तेथे विस्तव नसतो. म्हणून धूर हा खरोखर धूरच आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. या दोघांपैकी अधिक गुण कोणाला द्यावयाचे? पहिल्याचे उत्तर पुस्तकाबरहुकूम आहे. दुसऱ्याला असिद्ध हेतूचे मर्म उमगले आहे.

हा प्रश्न राजुऱ्यापुरता नाही. पण तेथे तो अधिक तीव्र होतो. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेलेला हा तालुका. तेथे मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषाही घरोघरी बोलल्या जातात. अशा घरातील मुलाची ग्रांथिक मराठी अडखळते. त्याचा विचार अडखळतोच असे नाही. परीक्षक मात्र नकळत भाषेच्या सफाईलाच विचाराचे गुण देऊन बसतो.

परीक्षकांतील मतभेद हा काही केवळ आपलाच दोष नव्हे. फ्रान्समध्ये 1930 च्या दशकात लोजिए आणि वाइनबर्ग या संशोधकांनी बाकालोरेआ परीक्षेच्या उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. एका उत्तरपत्रिकेचे विश्वसनीय सरासरी गुण ठरविण्यास गणितात 13, तर तत्त्वज्ञानात 127 परीक्षक लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. मग एकाच परीक्षकाने, गठ्ठ्यामागून गठ्ठा उपसताना दिलेल्या आकड्याला अंतिम सत्य कसे मानावे?

आकड्याऐवजी अक्षरश्रेणी आल्याने हा पेच सुटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांकांच्या पद्धतीत एका गुणाचा खोटा काटेकोरपणा कमी झाला, हे खरे. परंतु दोन श्रेणींच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे नशीब पूर्वीसारखेच टांगलेले राहते.

गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले त्याच 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य केला. दार उघडले, पण आत काय दिसते? समासात एक आकडा आणि एक बरोबरची खूण. निर्णय आहे, कारण नाही. न्यायाच्या परिभाषेत, प्रतिज्ञा आहे आणि हेतू गायब आहे!

शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकाने प्रत्येकीवर भाष्य लिहावे, ही अपेक्षा अवाजवी आहे, असा आक्षेप येईल. विद्यापीठाच्या परीक्षेपुरता त्यात तथ्य आहे. परंतु तेथेही मताचे विवरण, त्यामागील युक्तिवाद, विरुद्ध पक्षाची दखल आणि स्वतःचे उदाहरण अशी गुणांची विभागणी आधी जाहीर करण्यास कोणती अडचण आहे? अंतर्गत मूल्यमापनात तर, जेथे वर्ग लहान असतो, तेथे शिक्षकाने दोन ओळींत कारण लिहावे आणि विद्यार्थ्याला त्याचा प्रतिवाद करू द्यावा. तो प्रतिवाद हीच तत्त्वज्ञानाची खरी तोंडी परीक्षा ठरेल.

शिक्षकाचे मत विद्यार्थ्याने स्वीकारले की नाही, याला गुण नसावेत; आपल्या मतासाठी त्याने काय कारण दिले, याला असावेत. कारण मागण्याची सवय लावणारा हा विषय. तो शिकविणाऱ्यांनीच कारण न देता निवाडा करावा, हे त्या विषयाला शोभणारे नाही.