महाराष्ट्र पोलिसांची सेवाशस्त्रे

सेवाशस्त्र म्हणजे पोलीस अधिकाऱ्याला कर्तव्यावर कमरेला बाळगण्यासाठी शासनाकडून मिळणारे पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर होय. महाराष्ट्रात ते साधारणतः उपनिरीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांना दिले जाते. शिपायाचे नित्याचे साधन लाठी हेच राहिले आहे.

== पार्श्वभूमी ==
नागपूर ही ब्रिटिश काळात मध्य प्रांताची राजधानी होती. १८५७ च्या उठावानंतर देशी शिपायांच्या हाती प्रभावी शस्त्रे देण्यास सरकार कचरत असे. त्यामुळे पोलिसांना प्रामुख्याने कमी पल्ल्याच्या, गुळगुळीत नळीच्या मस्केट मिळत. अधिकाऱ्यांकडे वेब्ली व एनफील्ड बनावटीची ०.३८ इंची सहाबारी रिव्हॉल्व्हरे असत. ती मुळात ब्रिटिश सैन्यासाठी निवडलेली होती. स्वातंत्र्यानंतरही हा साठा आणि ०.३०३ रायफली दीर्घकाळ वापरात राहिल्या. १९६५ मध्ये नागपूर शहरासाठी पोलीस आयुक्तालय स्थापन झाले.

== पिस्तुलाची निवड ==
पुढे ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार होणारे ९ मिमी पिस्तूल रूढ झाले. ते ब्राउनिंग हाय-पॉवर या रचनेवर आधारित असून त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे मावतात. सैन्य व पोलिसांच्या ९ मिमी कार्बाइनलाही हेच काडतूस चालते. परिणामी एकाच प्रकारच्या दारूगोळ्यावर दोन्ही शस्त्रांचा पुरवठा भागतो. अमेरिकेत हा बदल काहीशा निराळ्या कारणाने झाला. १९८६ मधील मायामी येथील चकमकीत रिव्हॉल्व्हर भरण्यास लागणारा वेळ घातक ठरला आणि तेथील पोलीस दले पिस्तुलाकडे वळू लागली.

== निर्णयप्रक्रिया ==
राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे खरेदीचा निर्णय राज्य शासन घेते. मात्र १९६९-७० पासून चालू असलेल्या पोलीस दल आधुनिकीकरण योजनेतून केंद्राचा निधी मिळतो. १९७० मध्ये स्थापन झालेला पोलीस संशोधन व विकास विभाग शस्त्रांचे गुणात्मक निकष ठरवतो.

== मर्यादा व बदल ==
१ जून २००६ रोजी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयाजवळ झालेल्या चकमकीत पोलिसांनी तिघा सशस्त्र व्यक्तींना ठार केले. पोलिसांच्या माहितीनुसार त्यांच्याकडे स्वयंचलित रायफली व हातबॉम्ब होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत हल्लेखोरांच्या रायफलींपुढे पोलिसांची शस्त्रे तोकडी पडली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी केवळ लाठीनिशी अजमल कसाबला रोखताना प्राण गमावले. त्यानंतरच्या राम प्रधान समितीने शस्त्रांबरोबरच दारूगोळ्याची टंचाई आणि गोळीबाराच्या सरावातील उणिवाही नोंदवल्या. राज्याने फोर्स वन हे विशेष दल उभारले. नवे पिस्तूल देणे पुरेसे नसून त्यासाठी नियमित सराव, पुरेसा दारूगोळा व शस्त्रांची देखभाल आवश्यक असते, हा या घटनांचा धडा मानला जातो.