छोटा हत्ती विजेवर

बेळगावच्या खडेबाजारात मालवाहू गाडीचं रूप कुणी पाहत नाही. गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या गर्दीत अंग चोरून शिरायचं, कापडाचे गठ्ठे दुकानाच्या दारात उतरवायचे आणि लगेच रविवार पेठेत पोती भरायला हजर व्हायचं. इथले प्रश्न दोनच: पासिंग किती, म्हणजे माल किती भरायची परवानगी? आणि स्प्रिंगचे पाटे दम धरतात का?

2005 च्या मे महिन्यात टाटांची 'एस' आली. गिरीश वाघ यांच्या चमूने घडवलेल्या या गाडीला 702 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. ताकद 16 अश्वशक्ती, माल पाऊण टन. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' करून टाकलं. ट्रक म्हणवून घ्यायला अंगाने मोठं असावं लागतं का, हा वाद तेव्हाच मिटला.

मे 2022 मध्ये हीच गाडी विजेवर आली तेव्हा पासिंग होतं 600 किलो. म्हणजे थोरल्या बहिणीपेक्षाही कमी! बाजाराने नाक मुरडलं असेल, तर चूक नव्हती. 2024 मध्ये एक टनाची आली आणि तो आक्षेप संपला.

ओढीबद्दल तर शंकाच नको. मोटरचा टॉर्क 130 न्यूटन-मीटर, जुन्या डिझेलच्या तिपटीहून जास्त. तोही चाक हलताक्षणी. डिझेलला आधी रेस द्यावी लागते. गल्लीत दर दहा पावलांवर थांबणाऱ्या भरल्या गाडीला हेच हवं असतं. शिवाय उभ्या गाडीत इंधन जळत नाही.

खरी कसोटी निपाणीच्या रस्त्यावर. बेळगाव-निपाणी अंतर सुमारे 75 किलोमीटर, वाटेत तवंदी घाट. जाऊन-येऊन दीडशे. एक टनाच्या गाडीचा प्रमाणित पल्ला 161. कागदावर जमतं, पण प्रमाणपत्र देणाऱ्या चाचणीत ना घाट असतो, ना पासिंगपेक्षा चार पोती जास्त चढवणारा गिऱ्हाईक. उतारावर थोडी वीज बॅटरीत परत येते, पण चढावर गेलेली सगळी नाही. अमेरिकेतही हेच रडगाणं: फोर्डच्या विजेवरच्या एफ-150 लाइटनिंगला जड ट्रेलर जोडला की पल्ला निम्म्यावर येतो, असं चाचण्यांत दिसलं.

बेळगावची आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल खडेबाजारात कुणी बोलत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये इथेच सायकलचं दुकान काढलं. पुढे हे शहर ओतकामावर वाढलं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना इंजिनाचे भाग काम देतात. विजेच्या गाडीत सिलिंडर ब्लॉकच नाही, मग ओतायचं काय?

तरीही माझ्या लेखी विजेवरचा छोटा हत्ती हा ट्रकच. दिवसभर खडेबाजार-रविवार पेठ फिरणाऱ्याने खुशाल घ्यावा. निपाणीचं रोजचं भाडं असेल, त्याने वाटेवरचा चार्जर चालू आहे का ते स्वतः पाहून यावं आणि मगच बयाणा द्यावा.