बेचाळीस टक्क्यांचा हिशेबनीस

परवा गणपतीत आमच्या शेजारचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन घरी आले. पोरगा मागे उभा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घातलेली गुणपत्रिका. बी.कॉम. झाला होता, गुण शेकडा सत्तेचाळीस. गृहस्थ म्हणाले, "काका, याला अकाउंट्समध्येच काम करायचंय म्हणे. आता या टक्क्यांवर याला दारात तरी कोण उभं करणार? तुम्हीच चार शब्द सांगा."

त्यांची बिचाऱ्यांची समजूत अशी की, मी कॉस्ट अकाउंटंट म्हणून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा माझा पहिला वर्ग कुठे गेला नसणार. मी आत गेलो, कपाटाच्या तळाची जुनी फाईल काढली आणि माझी १९७५ सालची गुणपत्रिका त्या मुलाच्या हातात ठेवली. शेकडा बेचाळीस. पास क्लास. आणि खुद्द अकाउंटन्सीच्या एका पेपरात शंभरापैकी अडतीस!

मुलगा हसला नाही. वडील मात्र गोरेमोरे झाले.

त्या संध्याकाळी त्यांना जे सांगितले तेच येथे लिहीत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर हे रडगाणे कशाला, असे कुणी म्हणेल. पण प्रत्येक सोसायटीत असा एक मुलगा किंवा मुलगी असतेच, आणि त्यांच्या घरी सध्या या विषयावर बोलणे बंद तरी असते किंवा फार तरी चाललेले असते.

मला गुण का कमी पडले? गरिबीचे निमित्त सांगण्याची सोय आहे, कारण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे राहत होतो. पण ते खरे नव्हे. खरे कारण एकांकिका. तिन्ही वर्षे मी तालमीत होतो, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली की गाइडे उघडीत होतो. निकाल लागला त्या दिवशी अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

अण्णांच्याच ओळखीने कुर्ल्याच्या एका कारखान्यात कारकुनी मिळाली. पितळी व्हॉल्व्ह आणि पाइपांच्या जोडण्या तयार करणारा, साठ-सत्तर कामगारांचा कारखाना. शेठ गुजराती, हिशेबाचे वर्ष दिवाळी ते दिवाळी. आजच्या मुलांना हे ठाऊक नसेल, पण त्या काळी ज्याला जे वर्ष सोयीचे ते तो धरी. १९८९ पासून आयकरासाठी सर्वांचेच वर्ष ३१ मार्चला संपू लागले. त्याआधी आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चोपड्यांची पूजा व्हायची ती नुसती हौस नव्हती. दुसऱ्या दिवशी खरोखरच नवी वही उघडायची असे.

आमचे हेडक्लार्क नाना. धोतर, काळी टोपी आणि चष्म्याच्या एका काडीला दोरा. पहिल्याच वर्षी तेरीज मांडली तेव्हा दोन बाजूंत त्रेसष्ट रुपयांचा फरक आला. मी चार दिवस खतावणीची पाने चाळीत बसलो. पाचव्या दिवशी नाना पानपट्टीवरून परत आले, माझ्या खांद्यावरून त्या आकड्याकडे पाहिले आणि म्हणाले, "नऊने भाग जातोय ना? मग अंक उलटे पडलेत. एकक-दशकात सात अंकांचा फरक असलेली रक्कम शोध." तासाभरात सापडली. रोजकीर्दीतले ब्याण्णव खतावणीत एकोणतीस होऊन बसले होते! दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने नेमका भाग जातो. रक्कम नावेच्या ऐवजी जमेला पडली की फरक बरोबर दुप्पट येतो, म्हणून त्याचे निम्मे करून शोधायचे. कॉलेजात हे कुणी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल तेव्हा मी तालमीत असेन. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की हा विषय आपल्याला आवडतो. गुण मिळून गेल्यावर विषय आवडू लागावा, हा माझा मुहूर्त!

तीन वर्षांत नाना जे शिकवीत ते शिकलो. पण पगार सव्वादोनशेवरून तीनशेवर गेला आणि तिथेच रुतला. बाहेर अर्ज करावा तर जाहिरातीत 'किमान द्वितीय श्रेणी' हे शब्द ठरलेले. पंचवीसएक अर्ज केले असतील. उत्तरे आली तीन, तिन्ही नकाराची.

आता जे सांगतो ते पुष्कळ वर्षे मी घरातही सांगितले नव्हते. १९७८ साली फोर्टमधल्या एका मोठ्या कंपनीच्या अर्जात मी 'श्रेणी' या रकान्यात 'द्वितीय' असे लिहिले. एका मित्राने सुचवले होते, पण हात माझाच होता. मुलाखतीचे पत्र आले. अण्णांनी पेढे आणले. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: मूळ गुणपत्रिका सोबत आणावी. मुलाखतीच्या दिवशी मी नवा शर्ट घालून त्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत गेलो. लिफ्टमनने मजला विचारला. मी काही न बोलता वळलो आणि संध्याकाळपर्यंत बोरीबंदरच्या फलाटावर बसून राहिलो. घरी येऊन सांगितले, मुलाखत ठीक झाली.

दुसऱ्या दिवशी नानांना सारे सांगितले. ते ओरडतील असे वाटले होते. त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "वहीत चूक पडली तर आपण काय करतो? खोडतो?"

"नाही. दुरुस्तीची नोंद घालतो."

"मग घाल की."

मी त्या कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवले. अर्जात श्रेणी चुकीची, आणि जाणूनबुजून चुकीची लिहिली होती; खरी श्रेणी पास क्लास आहे; क्षमा असावी. मग रात्री अण्णांनाही सांगितले. ते म्हणाले, "पेढ्यांचे पैसे गेले, एवढंच." त्या पत्राचे उत्तर आले नाही. आजतागायत आलेले नाही. पण पुढे मुलगी पाहायला गेलो तेव्हा शिक्षण विचारताच आधी क्लास सांगून टाकला. भावी सासरे दचकले. भावी पत्नीने मात्र पोह्यांची बशी पुढे केली.

रस्ता दाखवला तो आमच्या ऑडिटरांनी. सी.ए. होण्यासाठी त्या वेळी पदवीधराला तीन वर्षे आर्टिकलशिप करावी लागे. तिथल्या विद्यावेतनावर आमचे घर चालणे शक्य नव्हते. ऑडिटर म्हणाले, "तुम्ही कारखान्यात आहात, मग आय.सी.डब्ल्यू.ए. का करीत नाही? नोकरी सोडावी लागत नाही." कॉस्ट अकाउंटंटांची ही संस्था १९४४ सालची, १९५९ च्या कायद्याने तिला आजचे रूप आले, आणि १९६५ साली कंपनी कायद्यात कॉस्ट ऑडिटची तरतूद झाल्यापासून या लोकांना मागणी येऊ लागली होती. मी भीत भीत विचारले, "क्लास?" ते म्हणाले, "पदवी पुरते. क्लास विचारत नाहीत."

क्लास विचारत नाहीत, कारण पुढे ते स्वतःच पुरेसे विचारतात! प्रत्येक विषयात चाळीस आणि गटात एकूण पन्नास टक्के. एका विषयात सत्तर पडले आणि दुसऱ्यात अडतीस, तर गट गेला. मी १९७९ मध्ये नाव नोंदवले. कलकत्त्याहून पोस्टाने पाठ येत, ते सोडवून परत पाठवायचे. डोंबिवली ते कुर्ला हा माझा अभ्यासाचा वर्ग. जागा मिळाली तर वाचन, नाही मिळाली तर उभ्याने मनातल्या मनात नोंदी. पहिल्या खेपेला सपशेल नापास झालो. इंटर झालो १९८२ ला, फायनल १९८६ ला. मधल्या सात वर्षांत लग्न झाले, मुलगी झाली, अण्णा गेले. दर जून-डिसेंबरला आमच्या घरी परीक्षा असे. सौभाग्यवती प्रश्न वाचून दाखवी आणि मी भाजी निवडत उत्तरे देई. तिला आजही 'प्रमाणित परिव्यय' या शब्दाचा राग येतो.

या अभ्यासाचा उपयोग मला पदवी हाती येण्याआधीच झाला. तो प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या आयुष्याचा काटा तिथे फिरला.

आमचा एक व्हॉल्व्ह धो धो खपत असे, आणि तरीही कारखान्यात नफा दिसत नसे. पद्धत अशी होती की, महिन्याचा वरखर्च, म्हणजे वीज, तेल, दुरुस्ती, घसारा वगैरे, मजुरीच्या दुप्पट धरायचा. महिन्याची मजुरी तीस हजार, वरखर्च साठ हजार, म्हणून दुप्पट. व्हॉल्व्हला माल वीस रुपये, मजुरी तीन, वरखर्च सहा, एकूण एकोणतीस. विक्री चौतीसला. म्हणजे नगामागे पाच रुपये सुटले! पण मी पाठात शिकत होतो की, खर्च ज्याच्यामुळे होतो त्याच्यावर तो टाकावा. आमचा वरखर्च जवळजवळ सगळा यंत्रांचा होता. महिन्याचे यंत्र-तास दोन हजार, म्हणजे तासाला तीस रुपये. हा व्हॉल्व्ह लेथवर किती वेळ घेतो?

ते मोजायला मी घड्याळ घेऊन खाली गेलो आणि भलताच घोळ झाला. कामगारांना वाटले, हा बाबू आमचा वेग मोजून दर कापणार. दुसऱ्या दिवशी युनियनचा माणूस टेबलापाशी उभा राहिला. मी त्याला वही दाखवली. तीत माणसांची नावे नव्हती, फक्त यंत्रांचे नंबर होते. त्याने अर्धा तास वही वाचली आणि मग स्वतःच फोरमनला बोलावून सांगितले की, तिसऱ्या नंबरचे लेथ रोज तासभर पट्ट्यासाठी थांबते, तेही याला लिहू दे.

पंधरा दिवसांनी हिशेब लागला. व्हॉल्व्ह अर्धा तास यंत्र अडवीत होता: पंधरा रुपये वरखर्च. वीस, तीन आणि पंधरा मिळून अडतीस. चौतीसला विकून नगामागे चार रुपये आम्ही गिऱ्हाइकाला देत होतो! उलट हाताने जुळवायच्या जोडणीला यंत्र लागे सहाच मिनिटे. तिची जुनी किंमत सत्तेचाळीस येई, म्हणून आम्ही बावन्न मागत असू आणि ऑर्डर दुसऱ्याला जाई. खरी किंमत होती बत्तीस.

शेठने कागद तीनदा पाहिला. "सगळ्यात जास्त खपतो तोच माल तोट्यात? आणि हे सांगणार पास क्लासवाला?" त्यांनी ऑडिटरांना बोलावले. ऑडिटर दुपारभर आकडे पाहत होते आणि मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो. इतकी भीती मला कुठल्याही परीक्षेत वाटली नाही. संध्याकाळी ते बाहेर आले आणि म्हणाले, "बेरीज बरोबर आहे. विचारही बरोबर आहे."

व्हॉल्व्हचा भाव बेचाळीस झाला (योगायोगाने माझेच टक्के!) आणि जोडणीचा चव्वेचाळीस. बारा वर्षांचे एक गिऱ्हाईक महिन्याभरात सोडून गेले. तीन महिने शेठ माझ्याशी धड बोलले नाहीत. चौथ्या महिन्यापासून जोडण्यांच्या ऑर्डरी येऊ लागल्या. त्या दिवाळीला चोपडापूजनाच्या वेळी शेठने नव्या वहीवर पहिले कुंकू मला लावायला सांगितले.

१९८७ साली ठाण्याच्या एका मोठ्या कारखान्यात मुलाखत झाली. बी.कॉम.ची श्रेणी विचारली, मी सांगितली. क्षणभर शांतता. मग टोकाला बसलेले गृहस्थ म्हणाले, "भंगाराचा हिशेब तुम्ही कसा ठेवता?" त्या प्रश्नावर मी वीस मिनिटे बोललो. नोकरी मिळाली, आणि तिथूनच मी २०१४ साली निवृत्त झालो.

हे सारे गोड वाटते म्हणून दुसरी बाजूही मांडतो. माझ्या वर्गातला पहिल्या वर्गाचा एक मित्र ज्या पगारावर १९७८ मध्ये होता, त्यावर मी नऊ वर्षांनी पोहोचलो. ती नऊ वर्षे परत आली नाहीत. अण्णांना माझी फायनल पाहता आली नाही. कमी गुणांनी काही बिघडत नाही, असे जे सांगतात त्यांनी ही खतावणी पाहावी.

पुढे मी स्वतः मुलाखती घेतल्या. नवख्या उमेदवाराचा क्लास आम्हीही पाहत असू, कारण पाहायला दुसरे काही नसे. चार-पाच वर्षे काम केलेल्याचा क्लास मात्र शेवटी, जेवायला उठताना, आठवला तर विचारत असू.

शेजारच्या मुलाला मी आजचे नियम सांगितले. सी.ए.च्या इंटरमीजिएटला थेट जायला वाणिज्य पदवीधराला पंचावन्न टक्के लागतात. ते नसतील तर फाउंडेशन परीक्षा देऊन जाता येते, दार बंद नाही. आर्टिकलशिप २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली आहे. कॉस्टच्या संस्थेचे दार पदवीधराला आजही उघडे आहे. आणि तोवर एखाद्या लहान कार्यालयात शीर, म्हटले. मोठ्या ठिकाणी वर्षभर एकच रकाना भरशील, लहान ठिकाणी जी.एस.टी.च्या विवरणपत्रापासून बँकेच्या मेळापर्यंत सगळे तुझ्याच गळ्यात पडेल. अर्जात सत्तेचाळीसचे सत्तेचाळीसच लिही, हेही सांगितले. त्यावर त्याने वडिलांकडे पाहिले, तेव्हा मी समजलो ते समजलो.

तो आता स्टेशनजवळच्या एका कर सल्लागाराकडे जातो. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "आजोबा, बँकेचा मेळ बसत नाहीये. टॅलीत तेरीज जुळतेय, पण बँकेशी पाचशे चाळीसचा फरक आहे."

"संगणक काय, चुकीचा आकडा दोन्हीकडे सारखाच मांडतो," मी म्हटले. "नऊने भाग जातो का बघ."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग: "जातो."

"मग शोध."

पावणेबाराला पुन्हा फोन वाजला. सौभाग्यवती झोपेतून उठून म्हणाली, "एवढ्या रात्री कोण?"

"आजोबा, सापडलं! आठशे वीसचे दोनशे ऐंशी झाले होते."